कटिंग मशीन मध्यावर नीट कापतं, डाव्या कोपऱ्यात कापतच नाही. मखराचं काम अडलंय

जाळीवाली (मूळ लेख)

नमस्कार. गणपतीला १७ दिवस उरलेत आणि मखराच्या जाळ्या अडून बसल्यात, म्हणून नवा धागा काढतेय. जुने दोन धागे वाचले. दोन्हीकडे उत्तर 'ब्लेड बदला' एवढंच आहे आणि ते मी करून झालंय.

मशीन घरगुती, कॉम्प्युटरवरच्या चित्राप्रमाणे ब्लेड फिरवून कागद कापणारं. कागद १२ इंची चिकट मॅटवर लावून आत घालायचा. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे मखर कागदाचंच असतं. सुरुवातीला जाळ्या हातानं, कटरनं कापायचो. अंगठ्याला घट्टे पडायचे, म्हणून तीन वर्षांपूर्वी हे मशीन घेतलं. यंदा मागे कमळांची जाळी, दोन खांब आणि वर कमान असे ३२ तुकडे आहेत. कागद २५० जीएसएमची पांढरी आयव्हरी, म्हणजे जाड कार्ड-कागद.

होतंय असं: तावाच्या मध्यावरच्या पाकळ्या अलगद सुटतात. डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या सुटतच नाहीत. वरून रेघ उमटलेली दिसते, खालून कागद शाबूत. ओढून काढायला गेलं की पापुद्रा निघतो. म्हणून दाब वाढवला. मग कोपरा जेमतेम सुटायला लागला, पण मध्यावर ब्लेड मॅटमध्ये घुसायला लागलं. आणखी एक: पाकळीचं टोक जिथून सुरू होतं तिथेच रेघ परत येत नाही, केसभर बाजूला येते. हे मात्र सगळीकडे होतं, फक्त कोपऱ्यात नाही.

नवं ब्लेड घातलं, तरी तेच. ब्लेडची खोली ४ वरून ६ वर नेली. ब्लेड त्याच रेघेवरून दोनदा फिरवून पाहिलं. सात ताव वाया गेले. आम्ही रत्नागिरीत आहोत, असा ताव इथे मिळत नाही, कोल्हापूरहून मागवावा लागतो. कृपया नीट क्रमानं काय तपासू ते सांगा.

घाईत_आहे

ब्लेडला अॅल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात ४०-५० वेळा टोचा. धार येते. माझं एकच ब्लेड वर्षभर चाललंय.

टोरांटोकरीण

जाळीवाली, तुझी तळमळ कळतेय गं. आमच्या मंडळाच्या गणपतीची आरास मीच कापते आणि हे सगळं भोगून झालंय.

फॉइलबद्दल एक सांगते. त्यानं धार येत नाही. टोकाला चिकटलेला डिंक आणि कागदाचा भुगा निघतो, म्हणून ब्लेड पुन्हा नवं झाल्यासारखं वाटतं. टोक मोडलं असेल तर फॉइल काही करू शकत नाही. पण तुझं ब्लेड नवंच आहे, तेव्हा तो मुद्दा तूर्त बाजूला ठेव.

मॅट किती जुनी आहे? चिकटपणा उरलाय का? कागद सरकला तर सगळंच बिघडतं.

जाळीवाली

मॅट गेल्या दिवाळीच्या आधीची आहे. आकाशकंदील, मग संक्रांतीची हळदीकुंकवाची पाकिटं, मग राखीची कार्डं, सगळं हिच्यावरच झालं. चिकटपणा कमी झालाय, पण मध्ये अजून बरा आहे.

रेडियमवाला

ताई, मी कोल्हापुरात रेडियमचं दुकान चालवतो. गाड्यांचे नंबर, दुकानांच्या काचा, हेच काम. प्लॉटर तुमच्या मशीनपेक्षा मोठा, पण तत्त्व एकच. पहिली विनंती, दाब वाढवणं आजच्या आज थांबवा. त्यानं मूळ दोष झाकला जातो आणि नवीन तयार होतो.

तुम्ही फार चांगलं लिहिलंय, कारण दोष कुठे आहे ते सांगितलंय. बहुतेक जण नुसतं 'कापत नाही' म्हणतात. आता एकच गोष्ट शोधायची: ही डावी-वरची जागा कोणाची आहे? मशीनची, मॅटची, की फाइलची? तिन्ही एकमेकांवर बसलेत म्हणून एकच दिसतात. त्यांना वेगळं करा.

मॅट उलट बाजूनं घाला, म्हणजे खालची कड वर. रद्दी कागदावर चारही कोपऱ्यांत आणि मध्ये २ सेंटिमीटरचे चौकोन कापा. नापास चौकोन आता उजव्या खालच्या कोपऱ्यात गेला तर दोष मॅटबरोबर फिरला, म्हणजे मॅटचा. डावीकडे वरच राहिला तर दोष मशीनचा. चौकोन सगळे नीट कापले आणि फक्त कमळच नापास झालं तर फाइल बघायची.

दाब परत जुन्या आकड्यावर आणून मगच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

इंकस्केपी

रेडियमवाल्या दादांना अनुमोदन. फाइलबद्दल मी विचारतो. कमळ कुठून घेतलंय? फोटोवरून आपोआप ट्रेस केलं असेल तर दोन घोटाळे हमखास होतात. पहिला, रेघेला जाडी असते, त्यामुळे ट्रेस करताना तिच्या दोन्ही कडा येतात आणि मशीन एकाच पाकळीला दोन समांतर रेघा मारतं. दुसरा, एका वळणावर जिथे चार बिंदू पुरतात तिथे शंभर बसतात. ब्लेड प्रत्येक बिंदूपाशी थबकतं, कड दातेरी होते. इंकस्केपमध्ये (चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोड, म्हणजे हे बिंदू, दाखवून बघा. मुंग्यांची रांग लागल्यासारखं दिसलं तर 'सिम्प्लिफाय' एकदाच द्या. दोनदा दिलं तर पाकळीचं टोक बोथट होतं.

आणि जाळीची भिंत, म्हणजे दोन छिद्रांमधली पट्टी, किती रुंद ठेवलीय? २ मिलिमीटरच्या खाली असेल तर मशीन निर्दोष असूनही फाटते.

जाळीवाली

कमळ माझ्या मुलीनं स्वतः काढलंय, बिंदू मोजकेच आहेत. आत्ता तपासलं, रेघ एकेरी आहे. भिंत ३ मिलिमीटर. तेव्हा फाइल नसावी.

मॅटची चाचणी रात्री जेवणं आटोपली की करते.

प्रेसची_शाई

एक वेगळा मुद्दा. मी बत्तीस वर्षं ऑफसेट छपाईत काढली. श्रावणात कागद सादळतो. सादळलेला कागद ब्लेडपुढे तुटत नाही, दबतो. कोरडा कागद 'टच्च' करून तुटतो, हा लोळत जातो. तुम्ही समुद्राकाठी आहात, तेव्हा हे कारण सोडून चालणार नाही.

तावाला दिशा असते. तंतू एका दिशेनं निजलेले असतात. ओल शोषली की तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात. त्यामुळे ताव एकाच बाजूनं रुंदावतो आणि मॅटवर बसवला की त्याच्या दोन कडा उचलतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. ताव दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा, मग ९० अंशांत फिरवून वाकवा. ज्या वेळी सहज वाकेल तेव्हा वाकण्याची रेघ ज्या दिशेनं असेल ती तंतूंची दिशा.

दुसरं, जीएसएम म्हणजे वजन, जाडी नव्हे. एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. २५० चं आर्ट कार्ड दाबून गुळगुळीत केलेलं असतं, म्हणून पातळ. त्याच वजनाची आयव्हरी फुगीर, म्हणून जाड. मशीनच्या यादीतला 'कार्ड' हा पर्याय कोणत्या कार्डासाठी बनवलाय ते आपल्याला ठाऊक नसतं. दहा तुकडे एकावर एक ठेवा, पट्टीनं उंची मोजा, दहानं भागा. जाडी कळली की ब्लेड त्याहून किंचितच बाहेर हवं, जास्त नको.

ताव उघडे ठेवलेत का?

जाळीवाली

हो काका, गठ्ठा टेबलावरच होता, वर वर्तमानपत्र टाकून. तुमचं वाचून लगेच सगळे ताव प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले आणि लोखंडी कपाटात ठेवले.

जाळीवाली

रात्रीचे पावणेबारा वाजलेत, पण आत्ताच लिहिते, नाहीतर झोप लागणार नाही.

दाब जुन्या आकड्यावर आणला, खोली पुन्हा ४. मॅट उलटी घातली. पाच चौकोन. डावा वरचा सुटला. अगदी छान. उजवा खालचा अडकला. दोष मॅटबरोबर फिरला!

मग मॅट खिडकीपाशी धरून मोबाइलचा दिवा तिरका मारून पाहिला. तो एक कोपरा साधारण तळहाताएवढा, नुसता चरे पडलेला. एकावर एक इतके चर की पृष्ठभाग खरखरीत झालाय. बाकी मॅट गुळगुळीत. माझ्या लक्षातच आलं नव्हतं: आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक डिझाइन आपोआप डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवतं. राखीची छोटी कार्डं, पाकिटांची नावं, चाचणीचे चौकोन, सगळं वर्षभर त्याच तळहातभर जागेत कापलं गेलं. तिथे डिंकही उरला नाही आणि खालची जमीनही सपाट उरली नाही. कागद ब्लेडखाली खचतो किंवा उचलतो, मग कापणार कसा!

आणि दाब वाढवून मी गेल्या चार दिवसांत मध्यभागही खरवडला. ते पाहून वाईट वाटलं.

टोकं मात्र अजून जुळत नाहीयेत. पाचही चौकोनांत, सुरुवातीच्या कोपऱ्यापाशी अर्धा मिलिमीटर फट.

रेडियमवाला

शाब्बास ताई, अर्धा गुंता सुटला. आता दुसरा दोष. तो पहिल्यापेक्षा वेगळा आहे, दोघांना एकत्र धरू नका.

ब्लेडचं टोक दांड्याच्या बरोब्बर मध्यात नसतं, किंचित मागे असतं. खुर्चीच्या किंवा ट्रॉलीच्या चाकासारखं. म्हणून ते ओढलं की आपोआप दिशेला वळतं. आमच्या प्लॉटरवर ४५ अंशाच्या ब्लेडला हे अंतर ०.२५ मिलिमीटर टाकतो, मशीन ते धरून कोपरे वळवतं. आता ब्लेड होल्डरमध्ये मोकळं फिरत नसेल तर कोपऱ्यावर ते उशिरा वळतं. कोपरा गोलावतो, टोक जुळत नाही.

दुसरी शक्यता म्हणजे मॅट सरकते. रोलरला चकाकी किंवा डिंक लागला की पकड सुटते.

दोन्ही कसे वेगळे करायचे? ब्लेड काढून पेन लावा. पेनाला वळायचं नसतं. कागदावर एक चौकोन काढा, मॅट बाहेर न काढता मोठं कमळ काढायला लावा, आणि मग तोच चौकोन त्याच जागी पुन्हा. पेननं टोकं जुळली आणि दोन्ही चौकोन एकमेकांवर बसले तर रोलर, पट्टा सगळं ठीक, दोष ब्लेडच्या होल्डरचा. दुसरा चौकोन सरकला तर रोलर. सरकणं कामाबरोबर वाढत जातं, होल्डरचा दोष पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत तेवढाच राहतो. यात कागदही वाया जात नाही, पाठकोऱ्यावर करा.

टोरांटोकरीण

पेनाची युक्ती मला माहीत नव्हती. दादा, ही आधी कळली असती तर माझे किती ताव वाचले असते.

जाळीवाली, एक विचारते. राखीची कार्डं कोणत्या कागदाची होती?

जाळीवाली

हँडमेड. पुण्याला बहीण असते, तिनं शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला. फार देखणा कागद. का गं?

टोरांटोकरीण

सुती चिंध्यांच्या कागदाचे तंतू लांब असतात. ब्लेड त्यांना तोडतं तसंच थोडं ओढतंही. ओढलेला तंतू होल्डरच्या आत जातो. होल्डर उघडून बघ. टोक स्वतःकडे करू नकोस आणि मुलीला जवळ बसवू नकोस.

जाळीवाली

आधी पेन. चौकोन, कमळ, पुन्हा चौकोन. दोन्ही चौकोन असे एकमेकांवर बसले की रेघ एकच वाटते, फक्त थोडी गडद. टोकं जुळली. म्हणजे होल्डर.

होल्डर उघडला. ताटलीत पांढरा कागद ठेवून ब्लेड त्यावर सोडलं. ब्लेड स्वच्छ दिसलं. आत टॉर्च मारला तर तळाशी, जिथे ब्लेडचा दांडा बसतो तिथे, निरांजनातल्या वातीसारखा बारीक पीळ. पिवळसर. राखीच्या कार्डांचा रंग तोच होता! सुईनं काढायला गेले तर आत सरकला. मग भुवयांच्या चिमट्यानं एक टोक धरलं आणि हळूहळू ओढलं. जवळजवळ बोटाच्या पेराएवढा लांब निघाला. ब्लेड नवं घातलं तेव्हा तो तिथेच होता, म्हणून फरक पडला नव्हता.

परत जोडलं. खोडरबरावर टोक टेकवून होल्डर हलकेच ओढला, तर ब्लेड लगेच वळलं. आधी वळत होतं की नाही ते पाहिलंच नव्हतं.

चौकोन कापला. टोकं जुळली.

रेडियमवाला

ताई, वाचून मन भरून आलं.

माझ्या दुकानातली गोष्ट सांगतो, तुमच्या पुढच्या कामाला उपयोग होईल. स्टिकर आम्ही मॅटशिवाय कापतो. रेडियमच्या खाली मेणकागद असतो, तो न कापता फक्त वरचा थर कापायचा. ब्लेडच्या खाली मशीनमध्ये एक लांब पांढरी पट्टी असते. एकदा नव्या पोरानं ब्लेड जास्त बाहेर ठेवून दिवसभर काम केलं. मेणकागदही कापला गेला आणि पट्टीवर खोल चर पडले. त्यानंतर त्या चरावरून ब्लेड गेलं की रेघ उथळ यायची, नेमकी तेवढ्याच जागी, रोल कितीही पुढे गेला तरी. मी महिनाभर ब्लेडं बदलत बसलो. शेवटी पट्टी बदलली, काम झालं. तेव्हापासून मी दोषाची जागा आधी बघतो, आकड्यांना नंतर हात लावतो. तुम्ही मॅटशिवाय स्टिकर कापणार असाल तर त्या पट्टीवर बोट फिरवून बघत जा.

इंकस्केपी

जाळीवाली ताई, नवी मॅट येईपर्यंत काम थांबवू नका. फाइल सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडे-खाली सरकवून ठेवा, खरवडलेला कोपरा मोकळा सोडा. ताव मोठा असेल तर मॅटच फिरवून घाला, म्हणजे तो कोपरा डिझाइनच्या रिकाम्या जागेखाली येईल. आणि आधी आतल्या पाकळ्या, शेवटी बाहेरची चौकट असा क्रम लावा. चौकट आधी सुटली तर आतलं कापताना कागद हलतो.

घाईत_आहे

मॅटवर स्प्रेचा डिंक मारा की.

टोरांटोकरीण

मारता येतो, पण आधी मॅट धुवून. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ ब्रश, गोल गोल. मग चिकट बाजू वर करून वाऱ्यावर वाळवायची, पुसायची नाही, टॉवेलचे धागे लागतात. बऱ्याचदा धुण्यानंच निम्मा चिकटपणा परत येतो. स्प्रे मारायचाच असेल तर चारही कडांना मास्किंग टेप लावून, नाहीतर रोलर त्या कडांवरून फिरतात आणि त्यांना डिंक लागतो. पण जाळीवालीच्या मॅटला आता चर आहेत. डिंकानं कागद धरला जाईल, चर भरणार नाहीत.

प्रेसची_शाई

धुतलेली मॅट पूर्ण वाळल्याशिवाय ताव लावू नका. खालून ओल चढते.

जाळीवाली

गणपतीला ९ दिवस. ३२ पैकी २६ तुकडे झाले. नवी मॅट परवा आली. तोवर जुनी धुवून, फिरवून, ताव चारही कडांना मास्किंग टेपनं धरून चौदा तुकडे काढले. एकच वाया गेला, तोही दुपारी जोराचा पाऊस आणि लाइट गेल्यामुळे मध्येच मशीन थांबलं म्हणून.

काकांनी जाडी मोजायला सांगितली होती, म्हणून आकडे: दहा तुकड्यांची उंची साडेतीन मिलिमीटर भरली, म्हणजे ताव सुमारे ०.३५. खोली ४, दाब पूर्वीचाच, वेग एक पायरी कमी, दोनदा फिरवते. एकदाच जोरात कापण्यापेक्षा दोनदा हलक्या हातानं कापलेल्या कडा स्वच्छ येतात. ताव कपाटातून एकेक काढते आणि लगेच लावते. काकांचं बरोबर होतं, सकाळी पिशवीतून काढलेला ताव कापताना खरंच वेगळा आवाज येतो, कोरडा, सलग. टेबलावर तासभर राहिलेल्या तावाचा आवाज दबका येतो.

नव्या मॅटच्या मागे मार्करनं चार कोपऱ्यांना १, २, ३, ४ असे आकडे घातलेत. दर आठवड्याला वेगळा आकडा वर. चाचणीचा चौकोन आता नेहमी तावाच्या जिथून कचराच निघणार आहे त्या जागी.

सादळलेली_वही

धागा वाचून हिंमत आली म्हणून लिहितेय. माझंही टोक जुळत नाही, पण मी पेन लावून पाहिलं तर पेननंही जुळत नाही. दुसरा चौकोन खाली २ मिलिमीटर सरकला. मागच्या महिन्यात चमकी लावलेला कागद कापला होता.

रेडियमवाला

ताई, मग तुमचा होल्डर उघडू नका, तो ठीक आहे. मशीन बंद करा, वायर काढा. दोन्ही बाजूंचे रोलर बोटानं फिरवत मऊ, किंचित ओल्या फडक्यानं पुसा. चमकी अडकली असेल तर जुन्या टूथब्रशनं. पूर्ण वाळू द्या. मॅटच्या कडांची मागची बाजूही पुसा, रोलर तिथेच धरतो. मग पेनाची चाचणी परत आणि इथे लिहा.

सादळलेली_वही

केलं. फडक्यावर सोनेरी चमकीच चमकी. डावीकडच्या रोलरवर डिंकाचा एक चपटा डागही होता, तो ब्रशनं निघाला. आता दुसरा चौकोन पहिल्यावर बसतोय. लगेच आकाशकंदिलाची एक पाकळी कापून पाहिली, ती न ओढता सुटली.